सान्यूतेई एन्चो

सान्यूतेई एन्चो : (१३ मे १८३९ – ११ ऑगस्ट १९००). ‘राकुगो’ या जपानी पारंपरिक विनोदी कथाकथनकलेचा श्रेष्ठ कलावंत व कथाकार. मूळ नाव इझुबुची जिरोकिची. जन्म एदो (आजचे टोकिओ) येथे. वडील ताचिबानाया एन्तारो हेही राकुगोकार होते. राकुगोमध्ये एकच कथक आसनावर बसून, केवळ पंखा व हातरुमाल यांच्या साहाय्याने, सर्व पात्रांचे संवाद आवाज व मान वळवून सादर करतो आणि अखेरच्या मार्मिक कलाटणीने कथा संपवितो.

एन्चोने १८४५ मध्ये, बालवयातच, पहिला कार्यक्रम केला. दुसरा सान्यूतेई एन्शो हा त्याचा गुरू. काही काळ त्याने उतागावा कुनियोशी या चित्रकाराकडे चित्रकलेचेही शिक्षण घेतले. आरंभी तो नेपथ्य व संगीत यांची जोड देऊन कथा सांगत असे. एन्चो जी कथा सादर करणार असे, तीच गुरू त्याच्याआधी सांगून टाकी. त्यामुळे त्याने इतर कोणास ठाऊक नसलेल्या स्वतःच्याच कथा रचण्याचा निश्चय केला, असे म्हणतात. १८७२ मध्ये नेपथ्याचा त्याग करून तो केवळ वाणीच्या बळावर कथन करू लागला.

त्याची ख्याती विनोदाइतकीच भयकथांवरही अधिष्ठित आहे. *बोतान दोरो* (म. शी. पिओनी फुलांचा कंदील) या कथेचे मूळ चिनी आहे. *शिन्केई कासानेगाफुची* या शीर्षकातील ‘शिन्केई’ या उच्चाराचा एक अर्थ ‘मज्जातंतू’ असा होतो. भुते म्हणजे मज्जातंतूंचा विकार, असे मानणाऱ्या मेजी काळातील सुधारकांना त्यात मिस्कील टोला आहे. *शिओबारा तासुके इचिदाइकी* ही एका कष्टाळू व्यापाऱ्याची जीवनकथा.

*बोतान दोरो* चे कथन वाकाबायाशी कान्झो व साकाई शोझो यांनी लघुलिपीत टिपून घेतले व ते १८८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जपानी लेखनभाषा तेव्हा बोलभाषेपासून फार दूर गेलेली होती. फुताबातेई शिमेई याने *उकिगुमो* (१८८७) ही कादंबरी लिहिताना त्सुबोउची शोयो याच्या सल्ल्यावरून एन्चोच्या कथनशैलीचा आदर्श समोर ठेवला. अशा रीतीने एका कथकाची बोली आधुनिक जपानी गद्याच्या घडणीस साहाय्यभूत ठरली. लघुलिपीत त्याचे शब्द टिकले. आवाजातील चढउतार व विराम मात्र त्याच्याबरोबरच लोपले.

टोकिओतील झेन्शोआन या मंदिरात त्याची समाधी असून त्याने जमविलेली भुतांची चित्रेही तेथे जतन केलेली आहेत.