सायकल मिळाली, साइडपट्टीचे काय?

वाटा आणि वस्त्या : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडी काढणाऱ्या यवतमाळकरांची झाडाझडती घेतली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे अंगमेहनत करायला सांगते आणि 2022 च्या अंदाजानुसार जवळपास निम्मे भारतीय प्रौढ तेवढीही करत नाहीत. हा हिशेब झरी-जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावर किंवा पुसदकडच्या तांड्यावर सांगायची मात्र सोय नाही. दिवसभर कापूस वेचून वर सरपणाची मोळी घेऊन परतणाऱ्या बाईला व्यायामाचे महत्त्व पटवणारा शहाणा मला अजून भेटायचा आहे. तिथला प्रश्न पोहोचण्याचा आहे: शाळेत, उपकेंद्रात, आठवडी बाजारात, आणि दिवस मावळायच्या आत परत घरी.

म्हणून या वेळी मानव विकास कार्यक्रमाकडे वळू. एसटीच्या निळ्या बसवर हे नाव सगळ्यांनी वाचलेले असते. 2011 पासून राज्यातल्या 22 जिल्ह्यांतल्या 125 मागास तालुक्यांत हा कार्यक्रम चालतो, आणि यवतमाळ त्यात आहे. लांबच्या गावांतल्या मुलींसाठी बस आणि शाळेपासून साधारण पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल, अशी त्याची ढोबळ विभागणी. सायकलीचे पैसे खात्यात जमा होतात. आधी साडेतीन हजार होते, पुढे पाच हजार झाले. बाजारात बरी लेडीज सायकल तेवढ्यात बसेलच असे नाही. वरचे पैसे बाप घालतो, किंवा कापूस विकला जाईपर्यंत दुकानदार थांबतो.

सरकारी कागदावर ही शिक्षणाची योजना आहे. मी तिला आरोग्याची योजनाही म्हणेन. पाच किलोमीटर पायी म्हणजे सव्वा तास, येऊन-जाऊन अडीच. सायकलवर दोन्ही वेळचे मिळून तासाभरात काम होते. मुलांची रोज सरासरी 60 मिनिटे हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते; ती वेगळी सवड न काढता झाली आणि वर दीड तास उरला. त्या दीड तासात मुलगी अभ्यासच करेल, अशी माझी भाबडी समजूत नाही. पाणी भरणे आणि धाकट्याला सांभाळणे तिला चुकणार नाही. पण आठवीनंतर ‘शाळा लांब पडते’ म्हणून ती घरी बसली असती आणि अठराव्या वर्षाच्या आतच तिचे लग्न उरकले गेले असते, तर तिच्या आणि तिच्या बाळाच्या तब्येतीवर काय बेतते, ते आपल्या आशाताईंना विचारा. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिथे तपासले, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची योग्य वयातली पटनोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आफ्रिकेतल्या झांबियातही मुलींना सायकली दिल्यावर शाळेतली गैरहजेरी 27 टक्क्यांनी घटली.

आता ती सायकल जवळून पाहा. पुढे जाळीची टोपली, तिच्यात दप्तर आणि डबा. मागच्या कॅरिअरवर धाकटी बहीण. रस्त्याकडेच्या बाभळीचा काटा रुतला की गाडी उभी. ट्यूब काढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे, घासून सोल्युशन लावायचे आणि ठिगळ चिकटवायचे. एवढेच काम, पण ते करणारा माणूस तालुक्याच्या गावी असतो आणि हवा भरायचा पंप गावात एखाद्याच घरी. सायकल देणाऱ्या खात्याकडे पंक्चरचे लेखाशीर्ष नाही. शाळेत एक पंप आणि ठिगळांचा डबा ठेवायला ग्रामपंचायतीला असा काय खर्च येणार आहे?

सायकल, शिक्षण आणि कर्ज हे सगळे एकत्र बांधून दाखवले ते तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने. 1991 मध्ये तिथे साक्षरता मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा त्या मोहिमेचाच भाग केला. स्वयंसेवकांनी बायकांना सायकल शिकवली, बँकांनी सायकलींसाठी कर्जे दिली. अंगणवाडीताई, परिचारिका, दगडखाणीतल्या मजूर बायका सायकलवर दिसू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले म्हणून ती गोष्ट देशभर पोचली.

आपल्याकडे वस्तू वाटण्याची हौस मोठी, पण खाती एकमेकांशी बोलत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग 361 वर्धा-कळंबकडून यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्ह्याच्या आरपार जातो. चौपदरी रस्त्यामुळे एसटीचा वेळ वाचला, पण दुभाजकापलीकडच्या शाळेत जायला लांबचा वळसा नको म्हणून मुले उलट्या बाजूने सायकल हाणतात. आतल्या रस्त्यांवर साइडपट्टी खचलेली. समोरून ट्रक आला की सायकल चिखलात. 2022 मध्ये देशभरात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली, त्यांत सुमारे 33 हजार नुसते पायी चालणारे होते.

गंमत अशी की जिल्ह्याच्या मानव विकास समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि रस्ता सुरक्षा समितीचेही तेच. कोणत्या गावातून किती मुली सायकलवर निघतात, याची यादी पहिल्या समितीकडे असते. कुठे पट्टी भरायची, कुठे गतिरोधक टाकायचा, हे दुसरीत ठरते. एक कागद या फाइलीतून त्या फाइलीत जाण्यापुरतीच ही भागीदारी आहे, आणि त्याला वेगळा निधी लागत नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला तिसरी खुर्ची वन खात्याला द्यावी लागेल. 2018 च्या नोव्हेंबरात अवनी वाघीण मारली गेली, त्याआधी तिच्या धाकाने राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात एकट्याने शेताकडे जायची कोणाची छाती होत नव्हती. वाटेकडेचा झाडोरा वेळच्या वेळी कापणे हेही तिथे आरोग्याचेच काम.

राहिल्या पांदणी. पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल चालत नाही, ती खांद्यावर घ्यावी लागते. रोजगार हमीच्या निधीतून पाणंद रस्ते करण्याची मातोश्री योजना 2021 पासून आहे आणि अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे अर्जही करता येतो. हे अर्ज बहुधा बैलबंडी आणि ट्रॅक्टरच्या नावाने होतात. त्या वाटेने शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्याही ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावी, म्हणजे कामांचा क्रम लावताना ती कोणाच्या तरी डोळ्यांपुढे येईल.

पुढच्या लेखांकात एसटीचा फाटा आणि तिथून गावापर्यंतची पायपीट.