फुटात सोळा चित्रं

जर्मन चित्रपटकार पॉल झिल्स यांच्याविषयी वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. कैदी म्हणून या देशात आणलेला माणूस सुटल्यावर इथेच राहतो आणि दशकभर इथली माणसं चित्रित करतो. त्या काळातली रिळं आज कोण सांभाळतं, ते पाहायला अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात गेले.

आत शिरताच झोंबला तो वास. आंबूस, व्हिनेगरचा. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत सडू लागली की तिच्यातून आम्ल सुटतं. बंद डब्यात ते कोंडलं की सडण्याला आणखी जोर येतो आणि शेजारच्या चांगल्या डब्यांनाही बाधा पोचते.

टेबलाशी पन्नाशीच्या एक ताई बसल्या होत्या. हातात पांढरे सुती मोजे, समोर हाताने फिरवायचं रिवाइंडर, खाली दिव्याची काच. रीळ उलगडायचं, पुसायचं, मोजायचं, नोंदवायचं. नुकसान शोधायचं काम मात्र बोटांचं. डाव्या हाताच्या दोन बोटांतून फिल्मची कड सरकत होती आणि ताईंचं लक्ष भलतीकडेच आहे असं वाटत होतं. एकदम हात थांबला. कडेची दोन भोकं फाटली होती, जुना जोड सुटायला आला होता. मला ते भिंगातूनही चटकन दिसलं नाही.

“फुटात सोळा चित्रं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “सातवं फाटलं तर सहावं नि आठवं बघायचं. चित्र टाकून नाही द्यायचं.”

जुना जोड सोडवून त्यांनी कडा जुळवल्या, पारदर्शक टेप लावली, भोकं मोकळी केली. पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात अशी सोळा हजार चित्रं, आणि पडद्यावर ती जेमतेम अकरा मिनिटांत संपतात.

त्या दिवशीचं रीळ झिल्स यांचं नव्हतं. सुरुवातीची पाटी गेलेला, बहुधा पन्नासच्या दशकातला एक माहितीपट होता तो. करणाऱ्याचं नावच उरलेलं नाही, म्हणून झिल्स आणखीच आठवत राहिले.

ते 1915 साली वुपर्टालला जन्मले. उफा या बड्या जर्मन चित्रसंस्थेत उमेदवारी केली. दुसऱ्या महायुद्धात बालीमध्ये डचांनी त्यांना जर्मन म्हणून पकडलं आणि पुढे भारतातल्या छावणीत त्यांची रवानगी झाली. 1945 साली सुटल्यावर ते मुंबईत सरकारच्या इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियात लागले. 1946 मध्ये ती संस्थाच बंद पडली. त्यामुळे 1947 च्या ऑगस्टमध्ये सत्तांतर झालं तेव्हा सरकारकडे स्वतःचं चित्रीकरण पथकही नव्हतं. सरकारची फिल्म्स डिव्हिजन आली ती 1948 मध्ये.

झिल्स यांनी तोवर स्वतःची वाट धरली होती. देव आनंदला घेऊन ‘झलझला’ (1952) केला, पण जीव रमला माहितीपटात. माहितीपटकार फली बिलिमोरियांना सोबत घेतलं, 1949 पासून ‘इंडियन डॉक्युमेंटरी’ हे नियतकालिक चालवलं, आणि 1956 मध्ये माहितीपट निर्मात्यांची संघटना उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. दशक संपता संपता ते जर्मनीला परतले. पुढे बिलिमोरियांच्या ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ला ऑस्करचं नामांकन मिळालं. मला झिल्स यांचं मोठेपण त्यांच्या एकेका चित्रपटापेक्षा यात दिसतं: त्यांनी इथे एका धंद्याला बूड दिलं.

त्या धंद्याची मेख पैशात होती. गिऱ्हाईक म्हणजे सरकार, नाहीतर बर्मा-शेलसारखी तेलकंपनी. केरळच्या युद्धनृत्यांवरचा झिल्स यांचा लघुपट कंपनीच्याच पैशातून झाला. पण कंपनीचं काम झालं की लघुपटाला वाली कोण? नट-नट्यांच्या चित्रपटाची प्रत शोधायला चाहते तरी असतात. मिठागरावरच्या किंवा मागावरच्या माणसाची अकरा मिनिटं कोण शोधणार?

हे ताईंना विचारलं. त्या रीळ फिरवतच म्हणाल्या, “डबा कुणी आणून दिला तर आम्ही करणार. कपाटातच राहिला तर आम्ही काय करायचं?”

याहून नेमकं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. संस्थांच्या, कंपन्यांच्या आणि निर्मात्यांच्या वारसांच्या कपाटांत असे डबे असणार. ते पावसाळ्याआधी उघडावेत, वास घ्यावा, आंबलेली रिळं वेगळी काढावीत आणि जाणत्या हातांकडे पोचवावीत. फुटात सोळा या हिशोबाने दुरुस्ती करणारी माणसं अजून कामावर आहेत, तोवरच हे होण्यासारखं आहे.