‘काही होत नाही हो’च्या पलीकडे

नाशिकरोडजवळच्या एकलहरे येथे १९७० पासून औष्णिक वीज केंद्राचा संसार उभा आहे. धगधगत्या बॉयलरशेजारी पाळ्या करणाऱ्या माणसाला भित्रा कोण म्हणेल? पण त्यालाच डॉक्टरांनी ‘पोटाची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या’ असे सांगितले, की करंगळीएवढ्या नळीच्या धास्तीने त्याची झोप उडते. तारीख पुढे ढकलली जाते. कधी पाळीचे निमित्त, कधी घरच्या लग्नाचे. पोटातला व्रण किंवा नुकताच मूळ धरू पाहणारा कर्करोग मात्र तारखेसाठी थांबत नाही.

याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वीज केंद्रात दुरुस्तीपूर्वी परमिट घ्यावे लागते. कोणती झडप बंद आहे, कोणता पुरवठा तोडला आहे, हे ठाऊक असते. दवाखान्यात बहुतेकदा ‘काही होत नाही हो’ एवढ्यावर बोळवण होते. भय वाढते ते या न सांगण्यातून.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. शस्त्रक्रियेनंतर कुठे दुखेल, किती काळ दुखेल आणि तेव्हा काय करायचे, हे ज्यांना नीट समजावले, त्यांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले.

मग या तपासणीत होते तरी काय? सहा ते आठ तास उपाशी राहून जायचे. घशात बधिर करणारा कडवट फवारा मारतात. गिळता येईना असे वाटते. डाव्या कुशीवर निजवून दातांत कडे देतात. नळी अन्ननलिकेतून जाते, श्वासनलिकेतून नव्हे. म्हणून श्वास कोंडत नाही. उबळ येते, लाळ गळते, गळू द्यावी. नाकाने संथ श्वास घ्यावा. बहुधा पाच-दहा मिनिटांत सारे आटोपते. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाचे औषध, ॲलर्जी हे आधीच सांगावे. फारच धास्ती असेल तर गुंगीचे इंजेक्शन मागता येते. मग सोबत कुणी हवे आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

काचतंतूंची ही लवचीक दुर्बीण बनविणारे बॅसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली ती प्रथम स्वतःच गिळून पाहिली होती. प्रत्येक डॉक्टरने तसे करावे असे नाही. ‘काका, आता उबळ येईल, मनात दहापर्यंत मोजा,’ एवढे सांगितले तरी पुरे. त्याला पैसा पडत नाही आणि चुकवलेली तारीख पाळली जाते.