धोट्याचा मासा

यंत्रमागावर कापड एकेका आडव्या धाग्याने वाढते आणि चलच्चित्र एकेका स्थिर चित्राने. त्यामुळे भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात हौसेखातर संगणकावर अतिवास्तव अ‍ॅनिमेशन करू पाहणाऱ्याला विषय शोधायला लांब जावे लागत नाही. आंद्रे ब्रतों यांनी १९२४ मध्ये पॅरिसमध्ये जाहीरनामा प्रसिद्ध केल्यापासून ‘अतिवास्तव’ ही संज्ञा स्वप्नाच्या तर्काने चालणाऱ्या, ओळखीच्या वस्तूंचे अनोळखी नाते जुळवणाऱ्या कलेसाठी रूढ झाली. मुळात वस्तू ओळखीची असावी लागते, ही अट नवखे हौशी बहुधा विसरतात आणि पहिल्याच प्रयत्नात तीन डोळ्यांचे, वितळणारे, पंख फुटलेले असे काहीतरी काढून बसतात, जे पाहून कोणालाही काहीच वाटत नाही.

उदाहरणादाखल आठ सेकंदांची एक पट्टी घ्यावी. तिच्यात घटना एकच आहे : साध्या मागावरचा धोटा, म्हणजे कामगार ज्याला शटल म्हणतात ती आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन धावणारी, दोन्ही टोकांना निमुळती लाकडी वस्तू, ताण्याच्या उभ्या धाग्यांत शिरते आणि पलीकडून मासा होऊन बाहेर पडते. सेकंदाला बारा चित्रे हे हौशी कामाला पेलणारे प्रमाण धरले, तर आठ सेकंदांना ९६ चित्रे लागतात. माग मिनिटाला १२० बाणे, म्हणजे आडवे धागे, टाकतो असे मानले, तर एका बाण्याच्या वाट्याला सहा चित्रे येतात. धोटा एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे जातो, शिवाय वर-खाली होणारे ताण्याचे धागेही दर बाण्याला पालटतात. म्हणून मागाचे संपूर्ण चक्र बारा चित्रांचे होते, आणि एवढीच बारा चित्रे पुन्हापुन्हा फिरवली की मागाचे अंग पुरे होते. या फिरवण्याला ‘लूप’ म्हणतात.

खरी अडचण येथून सुरू होते. बाण्याच्या एकूण वेळेपैकी धोटा प्रत्यक्ष धावतो तो साधारण एक तृतीयांश वेळ. उरलेल्या वेळात फणी धागा ठोकून बसवते आणि ताणा पुन्हा उघडतो. म्हणजे सहा चित्रांपैकी धावता धोटा जेमतेम दोनच चित्रांत दिसतो, आणि दोन चित्रांत त्याचा मासा केला तर तो कोणाच्या नजरेस पडत नाही. माग संथ करावा, तर त्याची चाल खोटी वाटते. या शहरात ती खडखड ऐकत वाढलेल्या माणसाला तर ती क्षणात खटकते. मासा ठळक दिसावा म्हणून सोबत ताण्याच्या लाटा केल्या, भिंतीचा रंगही पालटला, की सगळेच बदलल्यामुळे काहीच बदलल्यासारखे वाटत नाही. अतिवास्तव दृश्यात नियम एकच मोडावा आणि बाकीचे कसोशीने पाळावेत, हे येथे समजते. मागाचा ठोका जसाच्या तसा ठेवून माशाला तेवढी सवलत दिली, त्याला ताणा ओलांडायला पूर्ण दोन सेकंद दिले, तर त्या अवधीत फणी त्याच्या अंगातून चार वेळा आरपार जाते, आणि तो मात्र शेपटी हलवत आपल्या गतीने पुढे सरकतो. चित्र त्या क्षणी अंगावर येते.

माशाची ही २४ चित्रे हाताने काढावी लागतात. त्यासाठी आधीचे आणि पुढचे चित्र फिकट करून खाली दाखवणारी ‘ओनियन स्किन’, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोय, उपयोगी पडते. डोके वळल्यानंतर दोन चित्रांनी शेपटी वळली पाहिजे, नाहीतर मासा लाकडाचाच राहतो. मासळीबाजारातला मासा रंगरूपाला उपयोगी पडतो, चालीला नाही. चाल पाहायला तळ्याकाठीच बसावे लागते.

ही युक्ती नवी नव्हे. एमिल कोल यांच्या १९०८ च्या ‘फँटास्मागोरी’त सुमारे ७०० रेखाचित्रांतून एक वस्तू दुसरीत विरघळत जाते, दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना चालवले, फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पती यांनी ‘आबिद’मध्ये (१९७२) जिवंत माणसालाच चित्रागणिक हलवले. फरक साधनांचा आहे. ‘ब्लेंडर’ ही संगणक-प्रणाली २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी एक लाख युरो जमवून सर्वांसाठी खुली करून घेतली, आणि तिच्यातच केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. तीच प्रणाली भिवंडीतल्या खोलीतही फुकट उतरवता येते. वीज गेली की माग आणि संगणक दोन्ही थांबतात. माग थांबल्या धाग्यावरून पुढे चालतो, संगणकातले न जतन केलेले काम मात्र जाते.

ध्वनी शेवटी जोडू नये, सर्वांआधी नोंदवावा, कारण चित्रांची मोजपट्टी तोच असतो. मोबाइल मागाच्या अगदी जवळ धरला तर आवाज फाटतो. दाराशी उभे राहून घेतलेला ठोका स्वच्छ येतो. हे काम लांबणीवर टाकण्यासारखेही नाही, कारण नव्या रेपियर मागांत बाणा पट्टीच्या टोकाने ओढून नेला जातो आणि त्यांत धोटाच नसतो.