विजेचें त्रैराशिक

आपल्या घरांतील विजेची इस्तरी उलटून पाहिलीत, तर तिच्यावर एक लहानशी पट्टी आढळेल आणि त्या पट्टीवर दोन आंकडे : २३० व्होल्ट, १००० वॅट. दुकानदार यांपैकीं दुसरा तेवढा सांगतो आणि आपणही तेवढाच ऐकतों. परंतु या दोहोंच्या पोटांत आणखी दोन आंकडे दडलेले आहेत, आणि घराची सुरक्षितता पुष्कळ अंशीं त्यांवरच अवलंबून असते. ते बाहेर काढण्यास गुणाकार-भागाकारांपलीकडे गणित लागत नाहीं.

प्रथम दाब आणि प्रवाह यांतील भेद पाहूं. एकरूखचा तलाव सोलापूरकरांस ठाऊक आहेच. तलावाची पातळी जितकी उंच, तितका खालच्या नळाच्या तोंडाशीं पाण्याचा दाब अधिक; आणि दर क्षणास जितकें पाणी वाहून जाईल तो प्रवाह. नळ अरुंद असला, तर दाब तोच राहूनही पाणी कमी येतें. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरमध्यें, आणि तारेच्या अंगच्या अडवणुकीला रोध म्हणतात. ग्येओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें नातें मांडलें : धातूच्या तारेचें तापमान कायम असेल, तर दाबाला प्रवाहानें भागिलें असतां भागाकार नेहमीं तोच येतो. हा भागाकार म्हणजेच रोध. स्वदेशांत ओहमची प्रथम उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कोप्ली पदक दिलें तें १८४१ मध्यें. पुढें रोधाचें मापच त्याच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

शक्तीचा नियम याहूनही सोपा आहे. दाबाला प्रवाहानें गुणिलें कीं वॅट मिळतात. तेव्हां १००० ला २३० नें भागा. इस्तरींतून सुमारें ४.३५ अँपिअर प्रवाह वाहतो. आतां २३० ला ४.३५ नें भागा. रोध सुमारें ५३ ओहम. समजा, वैशाखांतल्या सायंकाळीं शहरभर पंखे आणि कूलर चालू असतांना दाब २०० व्होल्टांवर उतरला. रोध जवळजवळ तोच राहतो, म्हणून प्रवाह पावणेचार अँपिअर होतो आणि शक्ति साडेसातशें वॅटांच्या आसपास येते. दाब घटला तो अष्टमांशानें, उष्णता मात्र चतुर्थांशानें! कपड्यांच्या सुरकुत्या निघत नाहींत हा दोष इस्तरीचा नव्हे.

मात्र हें त्रैराशिक डोळे मिटून चालवूं नये. जुन्या तंतूच्या ६० वॅटांच्या दिव्याचा रोध या रीतीनें ८८० ओहम निघतो. पण तो तंतु तापून पांढरा झालेला असतांनाचा. थंड तंतूचा रोध सुमारें दशांशच असतो, आणि म्हणूनच असे दिवे बहुधा बटण दाबल्याच क्षणीं जात असत.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. दाब हा प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार आहे. म्हणून शक्ति म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. पाणी तापविण्याचें २००० वॅटांचें यंत्र सुमारें ८.७ अँपिअर घेतें. त्याचा प्लग सॉकेटमध्यें सैल बसला आणि त्या सांध्याशीं अवघा अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला असें समजा. प्रवाह किंचित् घटून साडेआठ अँपिअर होईल. साडेआठाचा वर्ग ७२; त्याचें निमे ३६. म्हणजे वाटाण्याएवढ्या जागेंत ३६ वॅट उष्णता! डाख देण्याचीं विजेचीं लहान हत्यारें २५ वॅटांत शिसें-कथील वितळवितात, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. आणि विशेष हें, कीं प्रवाह वाढलेला नसून उलट घटलेला असल्यामुळें फ्यूज वितळत नाहीं. फ्यूज शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीं इतकें ध्यानीं घ्यावें. प्लग हाताला कढत लागला किंवा सॉकेट काळवंडलें, तर तें त्याच दिवशीं बदलून घ्यावें.

हाच वर्गाचा नियम देशाच्या कारभारांतही चालतो. सोलापूरजवळ फताटेवाडीस प्रत्येकी ६६० मेगावॅटांचे दोन संच असलेलें औष्णिक केंद्र आहे. त्याची सर्व शक्ति घरगुती २३० व्होल्टांवर बाहेर धाडावयाची म्हटली, तर साध्या भागाकारानें सुमारें ५७ लक्ष अँपिअर प्रवाह निघतो. तो पेलणारी तार कोण ओढणार? म्हणून दाब चढवावयाचा आणि प्रवाह उतरवावयाचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचें विद्युत्-जाळें उर्वरित देशाच्या जाळ्याशीं एका लयींत जोडलें गेलें. ४०० ऐवजीं ७६५ किलोव्होल्ट दाब ठेवल्यास तीच शक्ति नेण्यास प्रवाह निम्म्याहून किंचित् अधिक पुरतो; त्याच रोधाच्या तारांत वाया जाणारी उष्णता त्यामुळें चतुर्थांशाहून थोडीच अधिक राहते.

चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग ज्यांच्या घरीं आहेत, त्यांच्यासाठीं आणखी थोडेंसें. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करणारी आहे, आणि मोटारींत प्रवाह दाबाच्या थोडा मागें रेंगाळतो. त्यामुळें २३० व्होल्ट व ५ अँपिअर यांचा गुणाकार ११५० आला तरी ते सर्व वॅट नव्हेत, शक्तिगुणक ०.८ असेल तर खरे वॅट ९२०. शिवाय दाबाला प्रवाहानें भागून मोटारीच्या वेटोळ्याचा रोध मिळत नाहीं, कारण फिरती मोटार स्वतःच उलट दाब उत्पन्न करून प्रवाह आवरून धरते. माग अडकून मोटार थांबली कीं तो आवर सुटतो, प्रवाह पांच-सहापट होतो आणि वेटोळ्यांतील उष्णता पंचवीस ते छत्तीसपट. अशा वेळीं आधीं बटण बंद करावें, आणि मग धोटा कोठें अडकला तें पाहावें.