दोन गाभ्यांचा प्रोसेसर



गणपतीपुळ्यास जाऊन आलेल्यांस तेथील प्रदक्षिणेची वाट ठाऊक असेलच. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं देऊळ आहे, त्या सबंध डोंगरास वळसा घालणारी ही वाट सुमारें एक किलोमीटर लांब आहे. ही प्रदक्षिणा लवकर आटोपावी म्हणून दोघांनीं ती अर्धीअर्धी वांटून घेतली, तर ती कोणाचीच पुरी होणार नाहीं. दोन यात्रेकरूंनीं एकाच वेळीं आपापली प्रदक्षिणा घालण्यास मात्र कांहींच अडचण नाहीं. आणि नैवेद्याचे मोदक वळण्याचें काम दोघींनीं वांटून घेतलें, तर तें जवळजवळ निम्म्या वेळांत होतें. कोणतें काम वांटतां येतें आणि कोणतें येत नाहीं, हा भेद ध्यानांत ठेवला, म्हणजे ‘ड्युअल कोअर’ या शब्दाचें मर्म कळण्यास वेळ लागणार नाहीं.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा भाग. त्यांत एक घड्याळ असतें, व त्याच्या ठोक्याठोक्यास हिशेब पुढें सरकतो. सेकंदास शंभर कोटि ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००० सालीं निघाला, तेव्हां त्याचा वेग दीड गिगाहर्ट्झ होता. २००४ च्या अखेरीस तो ३.८ वर गेला. परंतु वेग वाढवावयाचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि दाब दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. त्यामुळें वेगापेक्षां उष्णताच अधिक झपाट्यानें वाढूं लागली. नखाएवढ्या चिपेंतून शंभर वॅटांहून अधिक उष्णता बाहेर काढणें जड जाऊं लागलें, आणि चार गिगाहर्ट्झचा पेंटियम काढण्याचा बेत कंपनीनें २००४ सालीं सोडून दिला.

मग दुसरा मार्ग निघाला. एकाच गड्यास धांवावयास लावून दमविण्यापेक्षां बेताच्या चालीचे दोन गडी कामास लावावे, हा तो मार्ग. ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नव्हती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रोसेसरांस एकाच कामास जुंपूनच. तें तत्त्व घरच्या टेबलावर आलें २००५ च्या मे महिन्यांत. एएमडी कंपनीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स २ आणि इंटेलचा पेंटियम डी हे दोन गाभ्यांचे प्रोसेसर त्या महिन्यांत बाजारांत आले. पेंटियम डी मध्यें जुन्याच घडणीचे दोन गाभे शेजारीं शेजारीं बसविलेले होते. एकास दुसऱ्याशीं बोलावयाचें तर निरोप बाहेरच्या रस्त्यानें जाई; आणि त्यांतील कांहीं प्रकार १३० वॅटांपर्यंत तापत.

खरी सुधारणा झाली ती २७ जुलै २००६ रोजीं जाहीर झालेल्या ‘कोअर २ डुओ’ मध्यें. त्याच्या रचनेचा मोठा भाग इस्रायलमधील हैफा येथें झाला. चिपेवर सुमारें २९ कोटि ट्रान्झिस्टर असूनही त्याची मर्यादा ६५ वॅटांचीच होती. कॅश, म्हणजे हाताशीं ठेवावयाच्या माहितीचा सांठा, यांत दोन्ही गाभ्यांस सामाईक होता. एकाच मिसळणाच्या डब्यावर दोन सुगरणींनीं स्वयंपाक करावा, तसा. शिवाय प्रत्येक ठोक्यांत होणारें काम वाढलें. म्हणून १.८६ गिगाहर्ट्झचा कोअर २ डुओ ई ६३०० हा ३.२ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डी पेक्षां बहुतेक कामांत सरस ठरला. नुसता गिगाहर्ट्झचा आंकडा पाहून खरेदी करणारा गिऱ्हाईक येथें फसे.

आतां त्याचीं भावंडें पाहूं. ई ६६०० मध्यें कॅश ४ मेगाबाइट, ई ६३०० मध्यें २ मेगाबाइट. २००७ सालीं आलेल्या ‘पेंटियम ड्युअल कोअर’ ई २१४० मध्यें १ मेगाबाइट, आणि २००८ च्या सेलेरॉन ई १२०० मध्यें अवघा अर्धा. त्याच वर्षीं जानेवारींत ४५ नॅनोमीटरची बारीक घडण आली व ई ८४०० मध्यें ६ मेगाबाइट कॅश आणि ३ गिगाहर्ट्झचा वेग मिळाला. हीं सर्व एकाच कुळांतलीं. चिपेचा बराच भाग कॅश व्यापते. तींत कोठें दोष निघाला तर तेवढा भाग बंद करून ती चीप कमी किंमतीस विकतां येते. कांहीं स्वस्त प्रकारांसाठीं मुळांतच लहान चीप घडवीत. नांवांचा घोटाळा मात्र लक्षांत ठेवावा : पेंटियम डी आणि पेंटियम ड्युअल कोअर यांचें नांव सारखें, पण कूळ निराळें.

दोन गाभ्यांनीं काम निम्म्या वेळांत होतें काय? जीन अ‍ॅमडाल यांनीं १९६७ सालीं मांडलेला विचार येथें उपयोगीं पडतो. दहा मिनिटांच्या कामांतील पांच मिनिटांचा भाग प्रदक्षिणेसारखा अविभाज्य असला, तर दुसरा गाभा उरलेल्या पांचांचीं अडीच करील. एकूण साडेसात मिनिटें लागणारच. परंतु यात्रेकरूंसाठीं खोल्या देणाऱ्या गृहस्थानें बिल टाइप करावें आणि मागें विषाणूंची तपासणी चालावी, अशीं दोन स्वतंत्र कामें असलीं, तर दोन गाभ्यांचा लाभ तत्काळ दिसतो.

असे संगणक आजही जुन्या बाजारांत मिळतात. ते घेतांना किंवा घरचा टाकून देतांना आधीं कामाचा विचार करावा. विंडोज ११ या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं, आणि विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. म्हणून बँकेचे व्यवहार व पाहुण्यांचे पैसे त्यावर सोंपवूं नयेत. लिनक्सची हलकी व अद्याप सुधारली जाणारी आवृत्ति घातली, तर लेखन, हिशेब आणि मुलांचा सराव यांस तो पुरेसा आहे. किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक पथ्य पाळावें. खारी दमट हवा धातूस गंजविते, आणि अधिक तापणाऱ्या प्रोसेसरास अशी हवा अधिक लागते. तेव्हां दोहोंपैकीं एक निवडावयाचा झाल्यास ६५ वॅटांचा निवडावा, आणि त्याचा पंखा वेळोवेळीं झाडून स्वच्छ ठेवावा.