शिक्रा आणि गिधाड : मोठ्या पक्ष्यालाच मोठा धोका

बंगळुरूच्या लालबाग व कब्बन पार्कमध्ये शिक्रा हा लहानसा शिकारी पक्षी आजही आढळतो. तेथून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, ‘शोले’ चित्रपटामुळे परिचित झालेल्या रामनगरच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांचे वसतिस्थान आहे. दोन्ही पक्षी घार-गरुडांच्या एकाच कुळातील असले, तरी त्यांच्या आकारात आणि भवितव्यात मोठी तफावत आहे.

शिक्रा साधारण कबुतराएवढा असतो. त्याची लांबी सुमारे ३० सेंटीमीटर, तर वजन जेमतेम २०० ग्रॅमपर्यंत भरते. गिधाडाचे वजन ६ किलोच्या आसपास, म्हणजे किमान तीसपट असते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी २ मीटरपर्यंत भरते.

शरीररचनेनुसार दोघांची जीवनपद्धती ठरते. आखूड पंख आणि लांब शेपटीमुळे शिक्रा दाट फांद्यांतून चपळाईने वळतो आणि सरडे, खारी, लहान पक्षी टिपतो. गिधाड जिवंत सावज मारत नाही. जमीन तापल्यावर वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या आधारे ते तासन्‌तास घिरट्या घालून मृत जनावरांचा शोध घेते.

हीच सवय गिधाडांच्या मुळावर आली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरू लागली. एका कलेवरावर अनेक गिधाडे जमत असल्याने अल्प प्रमाणातील विषारी मांसही घातक ठरले. १९९० च्या दशकापासून देशातील या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी घालण्यात आली, तर रामदेवर बेट्ट हा डोंगर २०१२ मध्ये गिधाड अभयारण्य म्हणून घोषित झाला.

तरीही संख्या लवकर भरून येत नाही. शिक्रा एका वेळी तीन-चार अंडी घालतो. गिधाडाची मादी मात्र वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे एका गिधाडाच्या मृत्यूने झालेली हानी भरून निघण्यास अनेक वर्षे जावी लागतात.

मृत जनावरांची जलद विल्हेवाट लावणारा हा पक्षी टिकवायचा असेल, तर केवळ कड्यांचे संरक्षण पुरेसे नाही. आसपासच्या गोठ्यांत कोणते औषध वापरले जाते, यावरही लक्ष ठेवणे तितकेच आवश्यक आहे.